आठ स्क्रू आणि अण्णांचं जनता

अण्णांचं एचएमटी जनता घड्याळ बरीच वर्षं कपाटात पडून होतं. काच तडकलेली, केसचा, म्हणजे बाहेरच्या धातूच्या डबीचा, पट्टा अडकवायचा एक कान झिजलेला त्यामुळे पट्टा टिकायचा नाही, डायलमध्ये पाणी जाऊन डाग पडलेले. नाशिकला भद्रकालीतल्या घड्याळवाल्या काकांकडे नेलं तर उघडून म्हणाले, "मशीन टकाटक आहे रे, फक्त सर्व्हिसिंग कर. टाकू बिकू नको, आता कुठे मिळणार हे." १७ ज्वेलचं (चाकांच्या टोकांखाली बसवलेले बारीक खडे) चावीचं मशीन, सेकंदाला पाच ठोके, कानाशी धरलं की अजून तसंच वाजतं जसं मी लहानपणी अण्णांच्या मांडीवर बसून ऐकायचो.

मग डोक्यात आलं की ह्या मशीनला नवीन घर बांधायचं, आणि बांधायचंच तर माझ्या सगळ्यात आवडत्या घड्याळासारखं, म्हणजे ओडमार पिगे ह्या स्विस कंपनीचं रॉयल ओक. जेराल्ड जेंटाने डिझाइन केलेलं, १९७२ ला बाजारात आलं, आणि स्टीलचं असून तेव्हाच्या बऱ्याच सोन्याच्या घड्याळांपेक्षा महाग होतं. अष्टकोनी बेझल, म्हणजे काचेभोवतीची कडी, त्यावर आठ षटकोनी स्क्रू. विकत घ्यायचा विषयच नाही पण मी अंबडला टूलरूममध्ये काम करतो, हातात मिलिंग मशीन आहे, मालकांनी शिफ्ट संपल्यावर बसायला परवानगी दिली, अजून काय पाहिजे.

५० एमएमचा पितळेचा रॉड आणला. स्टील का नाही तर पहिल्यांदा करताना चुकणार हे माहीत होतं आणि पितळ कापायला गोड. पण घामाने पितळ हिरवं पडतं, म्हणून मागचं झाकण मात्र स्टीलचंच केलं. अष्टकोन सोपा गेला, मशीनवर काम मोजून फिरवायला डिव्हायडिंग हेड असतं, त्याला ४० ला १ चं प्रमाण असतं, म्हणजे हँडलचे चाळीस फेरे मारले की काम एकदा पूर्ण फिरतं, पाच मारले की बरोबर ४५ अंश, पुढची बाजू समोर.

खरी गंमत स्क्रूंनी दाखवली. मी सरळ बेझलमध्ये आटे पाडले आणि वरून आठ स्क्रू आवळले. दिसायला बरं होतं, पण प्रत्येकाची खाच वेगळ्या दिशेला, एक इकडे एक तिकडे. मूळ घड्याळाच्या फोटोत तर आठही खाचा एका वर्तुळावर शिस्तीत फिरलेल्या दिसतात. मी आटे मोजून, खाली बारीक वॉशर टाकून जुळवायला गेलो, दोन रविवार त्यात गेले, नाही जमलं. मग फोटो मोठा करून बघत बसलो आणि लक्षात आलं की अरे ते डोकं षटकोनी आहे आणि षटकोनी खड्ड्यातच बसलंय, ते फिरूच शकत नाही!! वरून कोणी आवळतच नाही, स्क्रू आरपार जातो आणि आवळतात मागून. मी दहा वर्षं त्या घड्याळाचे फोटो बघतोय आणि हे मला स्वतः हाताने चुकेपर्यंत दिसलं नव्हतं. त्या रात्री घरी येताना गाडीवर मी एकटाच हसत होतो.

मग बेझल नवीन केलं. आठ गोल भोकं पाडून निडल फाईलने, म्हणजे सुईसारख्या बारीक कानशीने, एकेक षटकोनी केलं, आठ सक अठ्ठेचाळीस बाजू, डोळ्याला भिंग लावून. फाईल थोडी जास्त चालली की स्क्रू खुळखुळतो आणि कमी चालली की बसत नाही, त्यामुळे दोन घासे मारायचे, बसवून बघायचं, परत दोन घासे. शेवटी काचेवर पॉलिश पेपर चिकटवून बेझल एकाच दिशेने ओढलं, कडा तेवढ्या चकचकीत ठेवल्या. मला विचाराल तर ह्या घड्याळाचा सगळा जीव त्या मॅट आणि चकचकीतच्या सीमारेषेत आहे.

रॉयल ओकच्या डायलवर असतात तसे बारीक चौकोन मिलिंगवरच आडव्या उभ्या रेघा मारून काढले, मूळची सर नाही पण उन्हात छान दिसतं. स्टीलचा पट्टा बनवायच्या भानगडीत पडलो नाही, चामड्याचा लावला. आणि पहिल्या रॉयल ओकला सेकंद काटा नव्हता, मी ठेवला, कारण अण्णांचा काटा काढून टाकायला मन होईना.

एक मित्र म्हणाला, नाव पण टाक ना वर, कोणाला कळतंय. नाही टाकलं. आकार बघून शिकलो ते माझं, पण नाव ज्यांचं त्यांचं. ते टाकलं की माझं आठ महिन्यांचं काम नकली माल होऊन जातं, आणि मला ते सहन झालं नसतं. सहाच्या खाली, जिथे ते लोक स्विस लिहितात, तिथे मी बारीक अक्षरात नाशिक कोरलंय.

गेल्या रविवारी अण्णांना दिलं. त्यांनी डायल बघितलीच नाही आधी, सरळ कानाला लावलं. थोडा वेळ तसेच बसले. मग म्हणाले, "हे आपलंच आहे का रे?" म्हटलं हो अण्णा, आतलं तुमचंच आहे.

आता रोज सकाळी सातच्या बातम्यांना रेडिओवर वेळ लावतात आणि चावी देतात. दिवसाला वीसेक सेकंद पुढे जातंय म्हणतात, ह्या रविवारी झाकण उघडून तेवढं ॲडजस्ट करायचंय.