तुम्ही विचारलंत म्हणून: दरवर्षी चिखलदराच का?

ऑफिसात, सोसायटीत, लग्नाच्या पंगतीत प्रश्न एकच. "काहून जाता जी तुम्ही दरवर्षी चिखलदऱ्याला? आहे काय तिथं?" आणि त्याला जोडूनच, "पचमढी बरी नाही का?" बरीच आहे पचमढी. पण पचमढीत आमचं नागपूर हरलेलं नाही.

सांगतो. सकाळी तर्री-पोहे खाऊन निघायचं. अमरावती, परतवाडा, मग घाट. सगळं मिळून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. परतवाडा सुटला की सागाचं जंगल सुरू होतं, आणि मे महिन्यातही गाडीच्या काचा खाली होतात. अकराशे मीटरवरचं हे गाव नगरपरिषद म्हणवतं, पण वस्ती जेमतेम पाचेक हजार. भीमानं कीचकाला मारून इथल्या दरीत फेकलं म्हणून कीचकदरा, त्याचा झाला चिखलदरा, असं गाइड सांगतात. पावसाळ्यात एकदा चालून पाहा, तुम्हाला वेगळीच व्युत्पत्ती पटेल.

भीमकुंड, पंचबोल, देवी पॉइंट अर्ध्या दिवसात उरकतात. एका ऑगस्टात मी दरी दिसणाऱ्या खोलीचे जादा पैसे मोजले होते. तीन दिवस खिडकीबाहेर नुसतं पांढरं. खाली दरी आहे, हे मॅनेजरच्या शब्दावर मानून परतलो.

उरलेला सगळा वेळ गाविलगडाला द्या. गावापासून चालत जाण्याइतका जवळ, आणि तरी आलेल्यांतले निम्मे तिकडे फिरकत नाहीत. दरवाज्यावर गंडभेरुंड कोरलाय. दोन माना, दोन चोची. बोट फिरवलं तर पिसांच्या रेषा अजून हाताला लागतात. आत देवतलाव, मोठी मशीद, झुडपांत लोळणाऱ्या तोफा. बहमनी अहमदशहानं १४२५ च्या सुमारास बांधलेला हा किल्ला पुढे नागपूरकर भोसल्यांकडे आला, आणि १५ डिसेंबर १८०३ ला त्यांच्या हातून गेला.

कसा गेला, ते तिथे उभं राहिल्यावरच कळतं. दक्षिणेकडून कडा सरळ तुटलेला, तिथून कोण चढणार? म्हणून इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेनं डोंगरात वाट तोडत अवजड तोफा उत्तरेकडून वर ओढून आणल्या. भगदाड पडलं ते बाहेरच्या किल्ल्याला. मधल्या घळीपलीकडे आतला किल्ला शाबूत होता. मग कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी शिड्या घेऊन घळीतून वर चढली, भिंतीवरून आत उतरली आणि दरवाजा आतून उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. मी त्या घळीच्या काठावर बसतो, थर्मासातला चहा संपेपर्यंत. समोरची भिंत बघून दरवेळी वाटतं, इथे वीस माणसं जागी असती तर? घरच्यांना हे ऐकून ऐकून कंटाळा आलाय.

दोनच दिवसांनी खाली, अचलपूरजवळच्या देवगावात तह झाला. दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी कटक प्रांत कंपनीला दिला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला, तो निजामाकडे गेला. म्हणजे महालात बसून कटकेपर्यंत चालवलेला कारभार या डोंगरावरच्या एका सकाळनंतर आक्रसला. गंमत अशी, की गाविलगड आणि नरनाळ्याचा किल्ला भोसल्यांना परत मिळाले. समोरचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. वॉटर्लूचा विजय त्याच्या नावावर लागायला अजून बारा वर्षं होती. तेव्हा तो इथे आमच्या सातपुड्यात घाम गाळत होता.

उतरताना मोथ्याला थांबतो. गवळ्यांचं गाव. गाविलगडाचं नावही या गवळ्यांवरूनच पडलं म्हणतात. मागच्या खेपेला एक मावशी कढईत खवा घोटत होत्या. दूध आटून गोळा होत आलेलं, उलथणं कडेनं खरवडत सारखं फिरतंय, थांबलं की करपलं. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "किल्ल्यावर गेल्ते काय?"

म्हटलं, हो. आणि सवयीनं सुरू केलं, "मावशी, १८०३ साली तिथं..."

"आमची भुरी म्हैस गेल्ती तिथं हरपून," त्या म्हणाल्या. "चार दिवसानं भेटली. तोफीपाशी बसून होती."

मी अर्धा किलो खवा घेतला.