बाबांची ट्रंक
आज 16 डिसेंबर, विजय दिवस, म्हणून सकाळी बाबांची लोखंडी ट्रंक उघडली, तेव्हा तळाशी, जुन्या स्वेटरच्या घडीत, 1971 च्या युद्धात पूर्व आघाडीवर केलेल्या सेवेबद्दल मिळालेले ‘पूर्वी स्टार’ पदक हाती लागले. ढाक्यात शरणागतीच्या दस्तऐवजावर सह्या झाल्या त्या दिवसाबद्दल विचारले की ते एवढेच सांगत, की बातमी कळल्यावर त्यांनी प्रथम बूट काढले आणि झोपले. आम्हा मुलांना हे उत्तर फारच निराशाजनक वाटे. तेरा दिवसांच्या त्या युद्धात गमावलेल्या सोबत्यांची नावे मात्र, आई सांगते, ते झोपेतही घेत असत. पदक भिंतीवर लावण्याचा मोह आवरून ते पुन्हा त्याच स्वेटरमध्ये गुंडाळून ठेवले आहे.