विलायती रूपक

माळ्यावरची ट्रंक आवरताना बाबांची कानटोपी हाताला लागली. तपकिरी, एका बाजूला उसवलेली. ती घेऊन बसले होते तेवढ्यात पुतण्या आला. "आत्या, संध्याकाळी चल. कॉलेजच्या ग्राउंडवर रॉक कॉन्सर्ट आहे. दोन पास आहेत. आजोबा असते तर आलेच असते."

हे मात्र खरं. नुसते आले नसते, तासभर आधी जाऊन सतरंजी टाकून बसले असते.

आमचे नाना, म्हणजे बाबांचे वडील, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या मंडळींपैकी. तिथले गवई कृष्णराव शंकर पंडित यांना समोर बसून ऐकलेले. गाणं म्हणजे ग्वाल्हेरचं, बाकी सगळा नुसता आवाज, हे त्यांचं मत, आणि घरात त्याला अपील नव्हतं. बाबा एजी ऑफिसात, म्हणजे महालेखाकारांच्या कचेरीत. (आमच्या गल्लीत कुणाचं ना कुणाचं एजी ऑफिसात असायचंच.) तिथल्याच कुणी दिल्लीहून त्यांना एक कॅसेट भरून आणून दिली. पिंक फ्लॉइड, इंग्लंडचा रॉक बँड. 1973 सालची रेकॉर्ड, आमच्या घरी पोचली दहा-बारा वर्षांनी.

त्यातलं 'मनी' लागलं त्या रविवारी मी तिथेच होते, शेंगदाणे सोलत. आधी पैशांची खणखण, गल्ल्याचा खटका, कागद फाटल्याचा आवाज, आणि मग बेस गिटार. बाबांची बोटं मांडीवर चालायला लागली. एकदा मोजलं, दुसऱ्यांदा मोजलं, मग ओरडले, "नाना, हा रूपक ताल आहे! सात मात्रा!"

नाना आरामखुर्चीत डोळे मिटून होते. काही बोलले नाहीत. बाबा आपले चालूच, ती ती ना, धी ना, धी ना. सॅक्सोफोन संपेपर्यंत सगळं नीट चाललं. मग गिटार सुरू झाली आणि बाबांची बोटं अडखळली, कारण तिथे ते लोक सात सोडून चारावर जातात. नानांनी एकच डोळा उघडला. "तुझा रूपक सुटला रे."

"सुटला नाही, ठेका बदललाय."

"विचारून बदलला का?"

पुढे गाणं परत सातावर येतं, पण ते येईस्तोवर नाना चहाला उठून गेले होते. बाबांनी कॅसेटच्या कागदावर ऑफिसच्या सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं, 'रूपक (विलायती)'. आम्हा भावंडांना रूपक त्यांनी या गाण्यावरच शिकवला. सगळ्या तालांत समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, टाळी, रूपकात समेवरच खाली. तिथे हात वाजवायचा नाही, उचलून मोकळा सोडायचा. मला ते कधी जमलं नाही. समेवर माझा हात आपोआप पडायचा आणि बाबा मनगट धरून वर उचलायचे.

तानसेन समारोहालाही तेच. डिसेंबरची हाडं गोठवणारी थंडी, हजीऱ्याला तानसेनच्या समाधीपाशी मांडव, आम्ही रजईत, आणि रजईच्या आत माझ्या गुडघ्यावर बाबांचं बोट. तिथल्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो म्हणतात. मी दोन वर्षं खाल्ला. दात आंबले.

2023 साली युनेस्कोनं ग्वाल्हेरला संगीतनगरी ठरवलं तेव्हा बाबांनी पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाले, "आत्ता कळलं यांना." त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ते गेले.

तर मी गेले कॉन्सर्टला. कानात कापूस आणि पर्समध्ये कानटोपी, का ते विचारू नका. पहिला धक्का म्हणजे बसायला जागाच नाही. सगळे उभे! आता उभ्या माणसानं ताल मोजायचा कुठे? मांडी नाही, गुडघा नाही. शेवटी पर्सवर मोजायला लागले. आवाज म्हणाल तर कानात नव्हे, बरगड्यांत वाजत होता. पोरं मात्र गोड होती. ड्रमवाल्याचा हात तयार. तीन तास मी वाट पाहिली, कुठेतरी सात येतील. नाही आले. वेग वेगळा, ओरडणं वेगळं, पण खाली सगळा चार-चारचा केरवाच. शेजारची मुलगी डोळे मिटून रडत होती, चारातच. तेव्हा जरा ओशाळले आणि मोजणं थांबवलं. पाचेक मिनिटं.

"आवडलं?" पुतण्यानं बाइक काढता काढता विचारलं.

"केरवा होता सगळा."

"म्हणजे?"

"काही नाही. चल."

फूलबागेकडे वळलो तेव्हा गार वारा लागला. मी कानटोपी घातली. मोठी होते मला, भुवयांवर येते. रस्ता रिकामा होता. माझा हात त्याच्या पाठीवर, आणि बोटांनी आपलं आपण सुरू केलं.

"आत्या, भीती वाटतेय का? हळू चालवू?"

"नको."

धी ना, धी ना, आणि समेवर हात उचलला.

"अगं आत्या, धरून बस!"