सोलापूरच्या काळ्या दगडावर शार्कचे दात

पुण्याहून निघालेली हुतात्मा एक्सप्रेस दौंडपुढे गेली की दोन्ही बाजूंना काळी जमीन पसरते आणि समुद्राची आठवणसुद्धा होत नाही. तरीही या खेपेस मी सोलापूर गाठले ते एका समुद्री वस्तूसाठी. कच्छमध्ये खाणखात्यात नोकरी केलेल्या मामांकडे तेथील गाळाच्या खडकांतून जमवलेले शार्कचे जीवाश्म दात आहेत.

कापसात गुंडाळलेला पहिला दात हेमिप्रिस्टिस या शार्कचा होता. लांबी सुमारे 3 सेंटीमीटर, रंग करडा, कडा करवतीसारख्या, आणि मुळाकडचा भाग खडबडीत असला तरी वरचा अजून चकचकीत. रंग पाहून मी वयाचा अंदाज बांधू लागलो तेव्हा मामा म्हणाले, "रंगावर जाऊ नकोस रे, तो गाळातल्या खनिजांनी दिलेला आहे." शार्कचा सांगाडा कूर्चेचा, म्हणजे हाडापेक्षा मऊ व लवचीक ऊतीचा असल्याने तो सहसा कुजून जातो, दात मात्र कठीण, शिवाय एकेका शार्कचे आयुष्यभरात हजारो दात गळतात, त्यामुळे खडकांत तेच सापडतात. मेगॅलोडॉन या नामशेष झालेल्या महाकाय शार्कचे सुमारे 17 सेंटीमीटरपर्यंतचे दात मिळाले असले तरी दात आणि काही मणके यांपलीकडे फारसे हाती न लागल्याने त्याच्या लांबीचे अंदाज सतत बदलतात. मला हा अपुरेपणाच अधिक रंजक वाटतो.

युरोपात अशा दातांना सापांच्या दगड झालेल्या जिभा समजत. 1666 मध्ये इटलीतील लिव्होर्नोजवळ पकडलेल्या शार्कचे डोके डेन्मार्कचे शास्त्रज्ञ निकोलस स्टेनो यांनी तपासले आणि त्या 'जिभा' शार्कचेच दात असल्याचे पुढच्या वर्षी सप्रमाण मांडले.

संध्याकाळी भुईकोट किल्ल्याच्या तटाजवळून सिद्धेश्वर तलावाकडे जाताना मी विचारले, असा दात इथे का मिळू नये? मामांनी पायाखालच्या दगडाकडे बोट दाखवले. हा बेसाल्ट सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणजे घरी पाहिलेल्या मायोसीन काळातल्या (सुमारे 2 कोटी 30 लाख ते 53 लाख वर्षांपूर्वीच्या) दातापेक्षा कितीतरी जुना. आणि लाव्हा थिजल्यानंतर इथे समुद्र आलाच नाही. दख्खनच्या लाव्हाथरांमधल्या गाळात जीवाश्म मिळतात, नागपूर भागात तर गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख पुष्कळ, परंतु शार्कचे दात हवे असतील तर कच्छ किंवा तमिळनाडूतील अरियालूर यांसारखी ठिकाणे गाठावी लागतात. अरियालूरचे दात क्रिटेशस या डायनासोरांच्या शेवटच्या काळातले, म्हणजे सोलापूरच्या या दगडाहूनही जुने आहेत.