मिसूलाचं तळं, नोंद तिसरी: कपभर पाणी आणि मेणाचं धरण

मंडळी, मागच्या नोंदीला दीड महिना झाला. हिमयुगातल्या मिसूला तळ्याच्या मॉडेलचे, पुठ्ठ्याचे अठ्ठावीसही थर चिकटवून झालेत. एक थर उलटा बसला होता, तो सोडवताना बिटररूट खोऱ्याचा कोपरा फाटला. सांधलाय, लांबून कळत नाही.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. साधारण १८ ते १५ हजार वर्षांपूर्वी कॅनडाकडून सरकत आलेल्या बर्फाच्या एका जिभेने आयडाहोत क्लार्क फोर्क नदी अडवली. मागे पश्चिम मोंटानाच्या खोऱ्यांत २००० घन किलोमीटरहून जास्त पाणी तुंबलं, तेच मिसूलाचं तळं. धरण बर्फाचं, उंची ६०० मीटरच्या आसपास. ते फुटलं की सगळं पाणी पूर्व वॉशिंग्टन खरवडत कोलंबिया नदीवाटे थेट समुद्राला. ओरेगनमधल्या हिल्सबरोतलं आमचं घर त्याच पुरांनी टाकलेल्या गाळावर उभं आहे, म्हणजे हा नाद मला परसात गुलाब लावताना लागला म्हणा.

फळी ९० बाय ६० सेंटीमीटर. आडवं प्रमाण १ सेंटीमीटरला ५ किलोमीटर, उभं १ मिलिमीटरला ५० मीटर. म्हणजे उंची दहापट फुगवलेली. हा खोटेपणा मला सुरुवातीला खुपत होता, पण खरं प्रमाण धरलं तर ते अवाढव्य धरण जेमतेम १.२ मिलिमीटरचं होतं. १५०० मीटरच्या वरचे डोंगर सरळ छाटून टाकलेत. पाणी तिथे पोचलंच नव्हतं, मग कात्री कशाला झिजवा?

आता या महिन्यातली मजा. या प्रमाणात अख्ख्या तळ्याचं पाणी किती होतं, ते कागदावर मांडलं. उत्तर आलं १६० मिलिलिटर. चहाचा एक कप! तीनदा गणित तपासलं. मग धरणाच्या जागी मातीचा गोळा लावला आणि निळ्या शाईचं पाणी ओतत गेलो. १२८० मीटरची, म्हणजे तळ्याच्या सर्वांत वरच्या पातळीची, रेघ गाठायला १८० मिलिलिटर लागले. वीस मिलिलिटर गेले कुठे? गळती नव्हती. रात्री अंथरुणात पडल्यावर उलगडा झाला. माझे उतार पायऱ्यापायऱ्यांचे आहेत आणि प्रत्येक पायरीवर जमीन सरासरी २५ मीटर खाली राहते, तेवढं पाणी जास्त मावतं. तळ्याची सरासरी खोली २६० मीटर धरली तर हिशोब बऱ्यापैकी जुळतो. (वॉर्निशचा हात मात्र पाणी ओतण्याआधीच द्या. पहिल्या प्रयत्नात मी दिला नव्हता. पुठ्ठा पापडासारखा फुगला.)

पायऱ्या लांबीने (पुट्टीने) बुजवायच्या, हा आपला नेहमीचा शिरस्ता. या वेळी मिसूला शहराभोवती त्या तशाच ठेवल्यात, आणि त्याला कारण आहे. जूनमध्ये तिथे गेलो होतो. शहरामागच्या माउंट सेंटिनेलवर सकाळचं तिरपं ऊन पडलं की गवताळ उतारावर आडव्या रेघा दिसतात, एकीवर एक, पट्टीने आखल्यासारख्या. त्या तळ्याच्या काठांच्या खुणा, पाणी वेगवेगळ्या पातळ्यांवर थबकलं तेव्हाच्या. तळं भरलेलं असताना आजच्या शहराच्या जागी ३०० मीटर पाणी होतं. मला तो डोंगर थेट न घासलेल्या पुठ्ठ्याच्या मॉडेलसारखाच वाटला. तिथे लांबी भरायला माझा हात धजेना.

आईने व्हिडिओ कॉलवर फळी पाहिली. "किल्ला छान झालाय रे, पण महाराज कुठे बसवणार?" म्हटलं, आई, हा तळ्याचा तळ आहे. "मग हळीव तरी पेर." हळीव नाही पेरला, पण कल्पना उचलली. पूर्व वॉशिंग्टनमधल्या पलूस भागातली टेकाडं म्हणजे वाऱ्याने आणलेली बारीक माती. तिच्यासाठी रंगवलेला लाकडाचा भुसा काळ्या रंगावर पसरला आणि पुराच्या वाटांवरून ब्रश फिरवला. खालचा काळा दगड उघडा पडला. पुराने नेमकं हेच केलं: माती नेली, बेसॉल्ट उरला. हा बेसॉल्ट आपल्या सह्याद्रीसारखाच लाव्ह्याच्या थरांवर थर रचून झालेला, फक्त वयाने बराच लहान, पावणेदोन कोटी वर्षांच्या आतबाहेरचा. पलूस धबधब्याच्या कड्यापाशी उभं राहिलं की घरचं कुणीतरी भेटल्यासारखं होतं.

भूशास्त्रज्ञ हार्लेन ब्रेट्झने १९२३ पासून हा पूर मांडला आणि १९२७ च्या जानेवारीत वॉशिंग्टन डी.सी.च्या सभेत इतर भूशास्त्रज्ञांनी त्याला धारेवर धरलं. एवढं पाणी आणलंस कुठून, या प्रश्नाला त्याच्याकडे धड उत्तर नव्हतं. उत्तराचं तळं जोसेफ पार्डीने १९१० मध्येच वर्णिलं होतं! त्याच पार्डीने १९४२ मध्ये तळ्याच्या तळावरच्या कॅमस प्रेअरीतले वाळू-गोट्यांचे प्रचंड वरंबे दाखवले, म्हणजे तळं झपाट्याने रिकामं झाल्याची खूण. उसाच्या शेतातल्या सरी-वरंब्यासारखे, पण काही दहा मीटरहून उंच. ब्रेट्झला पेनरोझ पदक, भूशास्त्रातला मोठा सन्मान, मिळालं १९७९ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर. माझ्या फळीवर दहा मीटर म्हणजे ०.२ मिलिमीटर, वॉर्निशचा एक हात. त्यामुळे कॅमस प्रेअरीची वेगळी फळी करतोय. वाळू चाळून ठेवली आहे.

शेवटचं, धरण. बर्फाचा तुकडा दोन मिनिटांत विरघळला. मग मेणबत्तीचं मेण सुचलं, कारण त्याची घनता बर्फाच्या जवळपास, ०.९. म्हणजे पाणी नऊ-दशांश उंचीच्या आसपास चढलं की ठोकळा तरंगू लागणार. तेरा मिलिमीटर उंचीचा ठोकळा ओतून घळीत बसवला. तो पहिल्यांदा वॉर्निशला चिकटूनच बसला, मग खाली साबणाचा हात फिरवला. पाणी साडेअकरा मिलिमीटरच्या पुढे गेलं आणि ठोकळा किंचित हलला, वरून पाणी सांडण्याच्या आधीच. खालून निळी धार सुटली. खऱ्या बर्फात ती धार बोगदा वितळवत रुंद करते, मेणात ते होत नाही, एवढी कसर आहेच. पण पाणी ओसरल्यावर ठोकळा आपणहून परत जागेवर बसला, हे मी ठरवलं नव्हतं.

ब्रेट्झ सुरुवातीला एकच पूर मानत होता. वॉशिंग्टन राज्यातल्या वॉला वॉलाजवळच्या बर्लिंगेम घळीत मात्र गाळाचे चाळीसेक थर एकावर एक दिसतात, आणि १९८० मध्ये भूशास्त्रज्ञ रिचर्ड वेटने मांडलं की प्रत्येक थर हा एक वेगळा पूर. गंमत म्हणजे ती घळही पाण्यानेच कापलेली, १९२६ मध्ये कालवा तुंबल्यावर सहा दिवसांत.

मी दुसरा कप ओतला. मग तिसरा. सात पूर झाल्यावर ठोकळ्याच्या एका कडेचा टवका उडाला. नवा ओततोय, या वेळी जरा रुंद.