हात लावून कळत नाही

कुर्त्याचं कापड दोन बोटांत चुरगाळून तुम्ही विचारता, "हे ऑर्गॅनिक आणि पलीकडच्या दुकानातलं साधं कॉटन, हाताला तर सारखंच लागतं. मग पाचशे रुपये कसले जास्त?" २०१८ मध्ये पुण्यात दुकान टाकलं तेव्हापासून हे रोज ऐकतेय. आणि उत्तर रोज वेगळं देतेय, समोरचं माणूस किती घाईत आहे ते बघून. आज एकदाच, नीट.

सारखं लागतं, कारण ते सारखंच असतं. कापडाचा मऊपणा ठरतो धाग्याच्या लांबीवर, सूत किती बारीक कातलंय त्यावर आणि शेवटी कोणतं सॉफ्टनर मारलंय त्यावर. शेतात युरिया पडला की शेणखत, हे बोटांना कसं कळणार? माझ्या बाबांनी जन्मभर यवतमाळकडे कापूस पिकवला. बोंडातली रुई दोन अंगठ्यांमध्ये ओढून धाग्याची लांबी सांगतात. त्यांच्यापुढे मी दोन कुर्ते ठेवले होते. त्यांनी चष्मा लावला, अंगणात उजेडात नेऊन पाहिले आणि परत देत म्हणाले, "दोन्ही कापूसच हाय."

पहिली दोन वर्षं मी सांगायचे, याच्यात विष नाही, बाळाच्या अंगाला चांगलं. आज नाही सांगत. कापड उकळून, ब्लीच होऊन, रंगून येईपर्यंत फवारणीतलं त्यात फारसं काही उरत नाही. खाज सुटलीच तर बहुधा रंगानं किंवा फिनिशिंगच्या रसायनानं. म्हणून नुसतं 'ऑर्गॅनिक कापूस' लिहिलेलं पुरत नाही. गॉट्सचं, म्हणजे ऑर्गॅनिक कापडासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं, प्रमाणपत्र असेल तर रंग-रसायनांवरही बंधनं असतात. 'कमी पाण्यात पिकतो' हेही मी बोलायचे, कोरडवाहू विदर्भातली मुलगी असून! आमच्याकडची बहुतेक पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं पीक, पावसावरच येते, ऑर्गॅनिक असो नाहीतर नसो.

फरक शेतात आहे. ऑर्गॅनिकला बीटी, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेलं, बियाणं चालत नाही, आणि २००२ मध्ये बीटी आल्यापासून देशातला नव्वद टक्क्यांहून जास्त कापूस बीटीच झालाय. माझा भाऊ बिगर-बीटी बियाणं मागायला कृषी केंद्रात गेला तर दुकानदार हसला. तरी त्यानं दोन एकर करून पाहिले. जीवामृत, निंबोळी अर्क, दशपर्णी, सगळं. रासायनिक शेती सोडून ऑर्गॅनिककडे वळण्याच्या, म्हणजे रूपांतराच्या, काळात माल ऑर्गॅनिक म्हणून विकता येत नाही, उतारा मात्र पहिल्याच वर्षी घटतो. दुसऱ्या वर्षी त्यानं सोडलं. मी चिडले. तो म्हणाला, "ताई, तुह्या गिऱ्हाइकायले सांग, दोन वर्षं माह्या घरी जेवण पाठवा."

आणि २०१७. त्या हंगामात पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, फवारा खाली तोंडावर यायचा. यवतमाळ जिल्ह्यात वीसपेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं गेले. आमच्याकडे फवारणीला येणारा माणूस आठ दिवस दवाखान्यात होता. वाचला. त्याला काही दिवस धड दिसत नव्हतं. दुकान मी त्यानंतर काढलं. मला विचाराल तर फरक तो आहे, पण पाचशे रुपयांच्या प्रश्नावर हे काउंटरवर कसं सांगायचं?

आता जे टाळत आलेय ते.

२०२० च्या ऑक्टोबरात गॉट्सनं जाहीर केलं की भारतातल्या वीस हजार टन कापसाला खोटे दाखले जोडले गेले होते. मी माझी फाइल काढली. प्रत्येक खरेदीला व्यवहाराचा दाखला मिळतो, त्यावर माल, वजन, घेणारा, देणारा सगळं असतं. मी ते कागद घ्यायचे, पंच करायचे आणि फाइल बंद करायचे. वाचले कधीच नव्हते. त्या रात्री वाचले. एका दाखल्यावर माल होता सूत. मी घेतलं होतं कापड. घेणाऱ्याचं नाव माझं नव्हतं, मला पुरवणाऱ्याचंही नव्हतं. दाखला देणाऱ्या संस्थेला ईमेल केला. उत्तर आलं, नंबर खरा आहे, पण माल दुसरा. पुरवणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, कापड चांगलं आहे ना? तक्रार आली का कुणाची?"

तक्रार कुणाचीच नव्हती. येणार कुठून?

दुकानात त्या ताग्यांतले एकतीस कुर्ते उरले होते. शटर खाली ओढून मी कात्रीनं एकेक लेबल काढलं आणि ते साध्या कॉटनच्या भावात विकले. याची फुशारकी मी नंतर दोन-तीन ठिकाणी मारलीही. पण जे आधीच विकले होते? बिलांवर फोन नंबर होते. एकालाही फोन केला नाही. कारणं तयार होती: मलाच फसवलं गेलंय, कापड वाईट नाही, लॉकडाऊननं आधीच धंदा बसलाय. आजही त्यातलं एकही कारण मला धड खोटं वाटत नाही आणि पुरेसंही वाटत नाही.

पाचशेचा हिशोब देते. एका कुर्त्याला कटिंग-वाया धरून सुमारे तीनशे ग्रॅम रुई लागते, म्हणजे सरकीसकट नऊशे ग्रॅम कापूस. २०२४-२५ चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये, म्हणजे कुर्त्यातला कापूस ६८ रुपयांचा. ऑर्गॅनिकला वीस टक्के जास्त दिले तरी शेतकऱ्याच्या हाती चौदा रुपये. बाकीचे जातात जिनिंग आणि सूतगिरणीत माल वेगळा ठेवण्यात, छोट्या ताग्यांच्या चढ्या भावात, टप्प्याटप्प्यावरच्या प्रमाणपत्रांत. आणि माझ्यात. चौदा रुपयांसाठी पाचशे मागणं बरोबर आहे का? भाऊ नाही म्हणतो. मी दुकान चालवते.

दाखले आता वाचते. वजनं जुळवते. तरी जिनिंगमध्ये कुठल्या ढिगात कुठला कापूस पडला, हे मी पाहिलेलं नसतं.

गेल्या आठवड्यात कोथरूडहून एक आजी आल्या होत्या. २०२० मध्ये नातीच्या बारशाला त्यांनी माझ्याकडून झबली शिवून नेली होती, त्याच ताग्यातली. नात आता शाळेत जाते. "तसलंच ऑर्गॅनिक आहे का हो अजून? किती मऊ होतं!" त्यांनी विचारलं.

"संपलं ते," मी म्हटलं आणि दुसरा तागा उलगडून दाखवला.