गंगव्वाची घडण

रविवार, रात्री उशिरा

बेळगावच्या टिळकवाडीत आमच्या मित्रमंडळाचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे काल्पनिक पात्रे घडवून फाशांवर खेळायच्या खेळाचा, नवा डाव पुढच्या आठवड्यात सुरू होणार असून, वैद्याची भूमिका कोणालाच नको असल्यामुळे ती माझ्याकडे आली. दुसऱ्यांच्या जखमा बांधत बसण्यात पराक्रम कसला, असे बहुतेकांना वाटते. आम्ही २०१४ सालच्या नियमांनी खेळतो. त्यानुसार मी मानव जातीची क्लेरिक, म्हणजे दैवी मंत्र म्हणणारी पुजारीण, घेतली, तिला उपचारांवर भर देणारे लाइफ डोमेन दिले आणि तिचे नाव गंगव्वा ठेवले.

तिचे गाव काल्पनिक असले तरी ते लिहिताना माझ्यासमोर कणकुंबीचा परिसर होता, जिथे मलप्रभा उगम पावते आणि जिथल्या पावसाळ्यात अंगावरचे कपडे दिवसेंदिवस वाळत नाहीत. दोन राज्यांच्या सीमेवरचे हे गाव दोन्हीकडच्या रुग्णांना जवळचे आहे. पार्श्वभूमी म्हणून हर्मिट, म्हणजे एकांतवासी, निवडल्याने वैद्यकाचे कौशल्य, वनौषधींची पेटी आणि एक जादा भाषा मिळाली. खानापूर तालुक्यात वाढलेल्या मला ती भाषा कशासाठी, हे कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

खरा वाद मंत्रांवरून झाला. ‘हीलिंग वर्ड’ साठ फुटांवरून म्हणता येतो आणि त्याच खेपेत गदाही चालवता येते, पण त्याचा फासा चारच बाजूंचा असतो. ‘क्युअर वूंड्स’चा फासा आठ बाजूंचा असतो, मात्र त्यासाठी जखमीला हात लावावा लागतो आणि अख्खी खेप खर्ची पडते. अनुभवी खेळाडूंचे गणित असे, की गडी जीवनगुण संपून शून्यावर येऊन कोसळेपर्यंत थांबावे आणि मग दुरूनच एका शब्दात त्याला उभे करावे. गणित चुकीचे नाही. ऑग्र नावाच्या राक्षसाच्या सोट्याचा एक फटका सरासरी १३ गुण घेऊन जातो, तर गंगव्वाचा स्पर्श, तिच्या प्रज्ञेची आणि लाइफ डोमेनची भर धरूनही, सरासरी साडेदहाच गुण परत देतो. शिवाय पहिल्या पातळीवर असे मंत्र दिवसाला दोनच. तरीही रुग्ण पडण्याची वाट पाहणारा वैद्य मला कागदावरसुद्धा सहन होईना.

आमच्या गावी काविळीचे औषध देणारी एक म्हातारी होती. घरचा कोणी निरोप घेऊन आला की ती विचारायची, “माणूस कुठाय? बघितल्याबिगर औषध द्यायची नाही मी.” मग अंगठ्याने पापणी खाली ओढून ती डोळ्यातला पिवळेपणा उजेडाकडे धरून पाहायची, नखे दाबून पाहायची आणि तेवढ्यात आलेल्याच्या घरची सगळी चौकशी, कधी मराठीत तर कधी कन्नडमध्ये, उरकून घ्यायची. तिच्या औषधाने किती जण बरे झाले याबद्दल मी काही दावा करणार नाही, पण गंगव्वाचे हात मी तिच्याकडूनच घेतले आहेत.

म्हणून ‘हीलिंग वर्ड’ मी यादीतून काढून टाकला. लढवय्याची भूमिका करणारा मित्र बराच चिडला, आणि त्याचे चिडणे रास्तही आहे, कारण आधी जीव त्याचा जाणार आहे.

हात लावायचा तर ऐन लढाईत शिरावे लागणार, हे ठरल्यावर बाकीचे आकडे त्याच हिशेबाने मांडले. प्रज्ञा १६ ठेवली. साखळीचे चिलखत पेलायला ताकद किमान १३ हवी, तिथे १४ दिली. चिलखत आणि ढाल मिळून तिचा बचाव १८ होतो, म्हणजे ऑग्रला, त्याची सहाची भर धरून, वीस बाजूंच्या फाशावर १२ किंवा त्याहून जास्त पाडावे लागतील. तेवढे पडले तर मात्र अवघड आहे. तिचे स्वतःचे जीवनगुण फक्त १० आहेत, आणि आमच्या टोळीत दुसरा वैद्य नाही.